मावशीच्या पाटल्या कपाटातच राहू देत

काल रात्री तू फोन ठेवलास आणि मला बराच वेळ झोप लागली नाही. इतकं बोललीस, पण कानात एकच वाक्य घोळत राहिलं, "ताई, आई म्हणते पाटल्या गहाण ठेवू, पण क्लास लाव." अगं, त्या पाटल्या मी लहानपणापासून बघते आहे. आजीच्या हातातल्या मावशीच्या हातात आल्या, आणि आता तुझ्यासाठी म्हणून तिने त्या मऊ कापडात गुंडाळून कपाटात ठेवल्यात. आणि समोर काय, तर एक लाख ऐंशी हजार फी, सहा महिने, चार सर्टिफिकेटं आणि 'शंभर टक्के नोकरीची हमी'. तू पाठवलेला जाहिरातीचा फोटो मी मोठा करून दोनदा वाचला. आज मला सुट्टी आहे. फोनवर धड सांगता आलं नाही ते लिहून पाठवते. सावकाश वाच, मावशीलाही वाचून दाखव.

आधी एक सांगते. क्षेत्र तू चांगलं निवडलं आहेस, त्याबद्दल मनात किंतु ठेवू नकोस. मी गेली कित्येक वर्षं याच कामावर घर चालवते आहे आणि मला ते मनापासून आवडतं. माझा विरोध आहे तो त्या जाहिरातीला.

मी बीएस्सी होऊन पुण्यात आले तेव्हा बाबांनी पतपेढीचं कर्ज काढून मला असाच एक क्लास लावून दिला होता. नाव सांगत नाही, सांगून आता उपयोगही नाही. तिथे चार महिने आम्ही प्रश्न पाठ केले. झेरॉक्सचा जाड गठ्ठा होता, परीक्षेत येणारे प्रश्न जसेच्या तसे आणि खाली उत्तरं. त्याला 'डंप' म्हणतात हे मला तिथेच कळलं. ते चुकीचं आहे हे कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. पहिल्या फटक्यात पास झाले, गावाकडे पेढे वाटले गेले. तीन आठवड्यांनी हिंजवडीत मुलाखत होती. मुलाखत घेणारे सर बाबांच्या वयाचे होते. सर्टिफिकेटवर त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "ब्राउझरमध्ये बँकेचा पत्ता टाइप करून एंटर दाबलंस, तर पान दिसेपर्यंत काय काय घडतं ते सांग."

मी म्हणाले, डीएनएस. त्यांनी विचारलं, कुठला पोर्ट? मी म्हणाले, ५३. यूडीपी का टीसीपी? मी म्हणाले, यूडीपी. "मग डीएनएस टीसीपी कधी वापरतं?" मी गप्प. गठ्ठ्यात तो प्रश्न नव्हता. उत्तर मोठं झालं, यूडीपीच्या एका पॅकेटात मावेनासं झालं, किंवा एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर सगळी यादी न्यायची असली की टीसीपी लागतं, इतकं साधं आहे ते. सर रागावले नाहीत. म्हणाले, "घरी जा. वायरशार्क लाव. स्वतःच्या लॅपटॉपमधून काय बाहेर जातं आणि काय आत येतं ते तीन महिने बघ. मग परत ये." मी ते अक्षरशः केलं आणि परत गेले. नोकरी तिथेच लागली. तो गठ्ठा पाठ करून मिळवलेलं सर्टिफिकेट मी त्यानंतर बायोडेटात कधीच लिहिलं नाही. बाबांचं कर्ज फिटायला मात्र अडीच वर्षं लागली. ते अजून मला बोचतं, म्हणून तुला इतकं कळवळून लिहिते आहे.

आता ती जाहिरात. चार सर्टिफिकेटांतली दोन त्या क्लासची स्वतःचीच आहेत, बघितलंस का? रंगीत कागदावर सोनेरी शिक्का मारून कुणीही देऊ शकतं. कंपनीत त्याला किंमत नाही. खऱ्या सर्टिफिकेटची नोंद ते देणाऱ्या संस्थेच्या साइटवर असते, एक लिंक मिळते, आणि नोकरी देणारा ती उघडून तुझं नाव तपासतो. तिसरं नाव वाचून तर मी उठूनच बसले. फ्रेशर मुलींना सहा महिन्यांत 'सीआयएसएसपी' देणार म्हणे! अगं, सीआयएसएसपी ही आयएससी-स्क्वेअर या संस्थेची परीक्षा १९९४ पासून चालू आहे आणि ती अनुभवी माणसांसाठी आहे. आठ विषयगटांपैकी किमान दोनांत मिळून पाच वर्षांचा पगारी अनुभव लागतो. आयटी किंवा तत्सम विषयातली पदवी असेल तर त्यातलं एक वर्ष सुटतं. शिवाय आधीच सदस्य असलेल्या कुणाला तरी तुझ्या अनुभवाची खात्री द्यावी लागते. अनुभव नसताना परीक्षा देता येते, पास झालीस तर 'असोसिएट' म्हणतात आणि अनुभव पुरा करायला सहा वर्षं देतात. पण सीआयएसएसपी असं नावापुढे लावता येत नाही. परीक्षेची फीच ७४९ डॉलर, म्हणजे साठ हजार रुपयांच्या वर. जो क्लास हे पोरींना लपवून विकतो, त्याच्या बाकीच्या शब्दांवर तरी कसा भरवसा ठेवायचा?

तुझं बीई ईएनटीसीमधलं आहे, हे तुझं मोठं भांडवल आहे. तुला ते कळत नाही, कारण तुम्हाला ते परीक्षेपुरतं शिकवलं. ओएसआयचे सात थर, टीसीपीची ती तीन टप्प्यांची सलामी, सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक, हे सगळं तू एकदा लिहिलेलं आहेस. आता ते डोळ्यांनी बघ. वायरशार्क फुकट आहे. एखादी साइट उघड आणि त्यातल्या त्या तीन ओळी शोधून काढ. मला त्या पहिल्यांदा सापडल्या तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मी खोलीतल्या मैत्रिणीला उठवून दाखवल्या होत्या.

पोर्टचे नंबर तुला पाठ करायला सांगतील. कर, पण प्रत्येक नंबरामागे काय घडलं तेही बघ. ४४५ घे. विंडोजची मशिनं एकमेकींच्या फाइली ज्या वाटेने बघतात ती वाट. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा मालवेअर याच वाटेने जगभर पसरला. मायक्रोसॉफ्टने ते भोक बुजवणारा पॅच मार्चमध्येच दिला होता, कित्येकांनी तो लावलाच नव्हता. पुढच्याच महिन्यात नोटपेट्या आला. त्याने हीच वाट वापरली, शिवाय मशिनांमधून चोरलेले पासवर्डही वापरले, आणि आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरात मर्स्क या जहाज कंपनीच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. कंटेनरचे ट्रक रस्त्यावर अडकून पडले. हे एकदा समजून घेतलंस की ४४५ आयुष्यात विसरणार नाहीस.

लिनक्सची तुला भीती वाटते म्हणालीस. ओव्हर द वायर नावाची साइट आहे, तिथे 'बँडिट' म्हणून एक खेळ आहे, पूर्ण फुकट. त्यांच्या मशिनवर एसएसएचने शिरायचं आणि पुढच्या पायरीचा पासवर्ड शोधायचा. पहिल्या पायरीला तो सरळ एका फाइलीत असतो. दुसऱ्या पायरीला फाइलीचं नाव म्हणजे नुसती एक आडवी रेघ. 'कॅट' लिहून पुढे ती रेघ दिलीस की स्क्रीन थांबून राहते, काहीच होत नाही, कारण लिनक्सला वाटतं तू कीबोर्डवरून काहीतरी लिहिणार आहेस. फाइल याच फोल्डरात आहे हे त्याला सांगावं लागतं, म्हणजे रेघेच्या आधी टिंब आणि तिरकी रेघ द्यायची. एवढ्याशा गोष्टीवर मी पाऊण तास घालवला होता. आज हाताखाली नवीन मुलं येतात, तेव्हा मी पहिल्या आठवड्यात बघते ते हेच, की अडल्यावर पाऊण तास चिकटून बसतं कोण.

याला खर्च किती? तुझा लॅपटॉप चालेल, फक्त रॅम सोळा जीबी करून घे. व्हर्च्युअल बॉक्स फुकट, काली लिनक्स फुकट. वेबसाइटचे हल्ले समजून घ्यायचे तर पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी फुकट आहे, बर्प सूट हे हत्यार बनवणाऱ्या लोकांचीच. ट्राय हॅक मी आणि हॅक द बॉक्सवर बरंच काही फुकट आहे, महिनाभर पैसे भरून वापरलंस तरी क्लासच्या फीच्या मानाने किरकोळ. सिक्युरिटी प्लससाठी प्रोफेसर मेसरचे सगळे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत, मी माझ्या टीममधल्या सगळ्यांना तेच सांगते. इंग्रजी त्यांचं सोपं आणि सावकाश आहे.

आता परीक्षा कुठली द्यायची ते. तुझ्यासाठी माझं मत पक्कं आहे, पहिली कॉम्प्टियाची सिक्युरिटी प्लस. जास्तीत जास्त ९० प्रश्न, ९० मिनिटं, ९०० पैकी ७५० ला पास. नुसते पर्याय निवडायचे नसतात, काही प्रश्नांत फायरवॉलचे नियम स्वतः मांडायला देतात किंवा लॉग वाचायला देतात, आणि तिथेच पाठांतरवाले अडकतात. सध्याची आवृत्ती ७०१ क्रमांकाची, नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेली. जुनी ६०१ जुलै २०२४ मध्ये बंद झाली, पण तिची पुस्तकं अजून स्वस्तात विकली जातात, ती घेऊ नकोस. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, त्या काळात शिकत राहिल्याचे ५० गुण जमवून ते पुढे चालू ठेवायचं.

त्याच्याही आधी हात साफ करायचा असेल तर आयएससी-स्क्वेअरची 'सर्टिफाइड इन सायबरसिक्युरिटी', सगळे नुसतं सीसी म्हणतात. तिला अनुभवाची अट नाही. २०२२ मध्ये त्यांनी दहा लाख लोकांना प्रशिक्षण आणि परीक्षा मोफत देण्याचं जाहीर केलं होतं. नाव नोंदवण्याआधी आजच्या अटी त्यांच्याच साइटवर वाच. आणि लक्षात ठेव, पास झाल्यावर दरवर्षी ५० डॉलर भरावे लागतात. 'मोफत' या शब्दापाशी बहुतेक जणी थांबतात आणि ही ओळ वाचत नाहीत.

सीईएचबद्दल तू विचारलंस. आपल्याकडे नोकरीच्या जाहिरातींत ते नाव फार दिसतं, म्हणून क्लासवाले त्याच्यावरच भर देतात. १२५ बहुपर्यायी प्रश्न, चार तास. त्यांचं अधिकृत प्रशिक्षण घेतलं नाही तर दोन वर्षांचा अनुभव दाखवून वेगळा अर्ज करावा लागतो. माझ्या मते स्वतःच्या खिशातून हे पहिलं घेऊ नये. उद्या कंपनीने पैसे भरले तर जरूर दे.

आणि ज्या ओएससीपीचे व्हिडिओ बघून तू भारावली आहेस, ते स्वप्न ठेव, फक्त आज नको. २३ तास ४५ मिनिटांची परीक्षा असते, कॅमेऱ्यासमोर. अनोळखी मशिनं फोडायची आणि त्यानंतरच्या २४ तासांत कसं फोडलं त्याचा अहवाल लिहून द्यायचा. त्या अहवालात एखादी पायरी गाळली तर केलेल्या कामाचे गुण जातात. म्हणून तुला सांगते, आत्तापासून रोज अर्धं पान इंग्रजीत लिही. आज काय केलं, कुठे अडलं, कसं सुटलं. आपण मराठी शाळेतल्या, बोलताना अडखळतो, ते मुलाखतीत चालवून घेतात. लिहिलेलं मात्र स्वच्छ लागतं, आणि ते सरावाने येतं. माझं तसंच आलं.

तुझी ती बीकॉम झालेली मैत्रीण, ती फोनवर मध्येच म्हणाली ना, "आमचं काय?" तिला सांग, या क्षेत्रात ऑडिटची एक मोठी वाट आहे आणि कॉमर्सवाल्यांची तिथे कदर होते. आयसाका संस्थेची सीआयएसए १९७८ पासून आहे. १५० प्रश्न, चार तास, आणि पाच वर्षांचा अनुभव. त्यातली तीन वर्षांपर्यंत शिक्षणावर किंवा इतर कामावर सुटू शकतात, आणि परीक्षा आधी देऊन ठेवता येते. मुंबईत आणि पुण्यात आयसाकाच्या शाखा आहेत. बँकांत, सीएंच्या फर्ममध्ये ही माणसं लागतातच.

आता प्रत्यक्ष काम कसं असतं ते सांगते, म्हणजे परीक्षेत एवढं काय धरून ठेवायचं ते तुला उमगेल. तू बहुधा 'सॉक'मध्ये लागशील, सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर. एल-वन अ‍ॅनालिस्ट. समोर दोन स्क्रीन, त्यावर अलर्ट येत राहतात, आणि प्रत्येकाचं ठरवायचं, हे खरं की खोटं, वर पाठवायचं की बंद करायचं. विंडोजच्या लॉगमध्ये ४६२५ म्हणजे लॉगिन फसलं, ४६२४ म्हणजे जमलं. पहाटे तीनला एकाच खात्यावर शंभर वेळा ४६२५ आणि मग एकदा ४६२४ दिसलं, तर अंगावर काटा यायला हवा. माझ्या दुसऱ्याच महिन्यात मला असे शेकडो ४६२५ दिसले आणि मी घाबरून सगळ्यांना उठवलं. सीनियर मॅडमनी वेळा बघायला लावल्या. बरोबर दर पाच मिनिटांनी, घड्याळ लावल्यासारखे, एकाच सर्व्हरवरून. कुणीतरी सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड बदलला होता आणि त्या सर्व्हरवरच्या ठरलेल्या कामात जुनाच राहिला होता. मॅडम म्हणाल्या, "उठवलंस ते बरं केलंस, पुढच्या वेळी वेळा बघून उठव." त्या वेळी लॉगमध्ये ११०२ दिसला असता, म्हणजे कुणी लॉगच पुसून टाकला असता, तर मात्र एक मिनिटही न थांबता उठवायचं असतं.

हे काम बारीकसारीक वाटेल. म्हणून तुला कॉसमॉस बँकेची आठवण करून देते. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या या सहकारी बँकेच्या एटीएमच्या यंत्रणेत मालवेअर घुसवून हल्लेखोरांनी मध्ये स्वतःचा खोटा स्विच बसवला. कार्डाला पैसे द्यायचे की नाही हे बँकेला विचारलं जाण्याऐवजी तो खोटा स्विच 'द्या' म्हणत राहिला. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, भारतातही अडीच कोटी, कोल्हापुरातल्या मशिनांमधूनसुद्धा. सोमवारी १३ तारखेला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेतून आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी. पुढे २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने ११ जणांना दोषी ठरवलं. ते सगळे एटीएमवर जाऊन पैसे काढणाऱ्यांच्या साखळीतले होते. मला त्या वेळी नोकरीला लागून वर्ष झालं होतं. सुट्टीचे दिवस हल्लेखोर का निवडतात हे त्या आठवड्यात आम्ही सगळे नव्याने शिकलो. तेव्हापासून शनिवारची पाळी मी हलक्यात घेत नाही. आपल्या घरातल्यांचे पैसे अशाच सहकारी बँकांत आणि पतपेढ्यांत आहेत गं.

आता सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे असं काही घडल्याचं कळलं की सहा तासांत सरकारला कळवावं लागतं, आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. सहा तासांत काय घडलं ते सांगायचं, तर पहिला लॉग वाचणारी पोरगी जागी आणि तयार हवी. ती तू असशील.

एक गोष्ट धाक घालून सांगते, आणि ती ऐकच. शिकता शिकता हात शिवशिवतात. मी कॉलेजात असताना निकालाच्या साइटवर लॉगिनच्या चौकटीत एक अवतरणचिन्ह टाकून बघितलं, डेटाबेसची चूक स्क्रीनवर आली आणि मला आनंदाने काही सुचेना. सुदैवाने मी ते आमच्या सरांना दाखवलं. त्यांनी तिथेच लॅपटॉप मिटला. परवानगीवाचून दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा होऊ शकतो, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'मी शिकत होते' म्हणून सुटका होत नाही. हात मोकळा करायचा तर लॅबमध्ये, नाहीतर ज्या कंपन्या लेखी नियम देऊन बोलावतात त्यांच्या बग बाउंटीत, तीही त्यांनी आखलेल्या हद्दीतच. कुठे काही दिसलंच तर सर्ट-इनला कळवता येतं.

आणि डंप. माझं मी सांगितलंच. माझ्या वर्गातल्या एकाचं सर्टिफिकेट नंतर संस्थेने रद्द केलं, तोवर तो नोकरीला लागला होता, ती गेली. परीक्षेच्या सुरुवातीला तू गोपनीयतेच्या करारावर होकार देतेस, तो खरा करार असतो. विश्वासाच्या कामाची सुरुवात अशी करू नकोस.

वर्गात बसल्याशिवाय तुझ्याच्याने अभ्यास होत नाही, हेही मला माहीत आहे. मग सीडॅकचा विचार कर. पुण्यात १९८८ साली सुरू झालेली सरकारी संस्था. त्यांचा सहा महिन्यांचा पीजी डिप्लोमा आहे, डिटिस म्हणतात, त्यात नेटवर्क, लिनक्स, सिक्युरिटी सगळं पूर्ण वेळ करून घेतात. सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, वर्षातून दोन बॅचेस असतात, आणि कॅम्पसला कंपन्या येतात. फी तिथेही आहे, पण शिक्षण-कर्जावर भागेल, दागिन्यांना हात लावायचं कारण नाही. इंजिनिअर मुलींसाठी मायक्रोसॉफ्ट आणि डीएससीआयने २०१८ मध्ये 'सायबर शिक्षा' नावाचा उपक्रम सुरू केला होता. त्यांच्या पुढच्या बॅचकडे लक्ष ठेव. आणि पुण्यात 'नल' या सिक्युरिटीवाल्यांच्या गटाच्या बैठका होतात, फुकट, कुणीही जावं. गोव्याची नलकॉन ही परिषद याच मंडळींनी २०१० मध्ये सुरू केली. पुण्यात आलीस की आपण दोघी जाऊ. पहिल्या दिवशी काही कळणार नाही, तरी बसून राहा. मला तिथे भेटलेल्या तीन मैत्रिणी आजही अडल्या वेळेला फोन उचलतात.

मावशीला रात्रपाळीची काळजी वाटते, आणि ती रास्त आहे. सॉक चोवीस तास चालतं, पहिली दोन-तीन वर्षं पाळ्या कराव्याच लागतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पण महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत तुला बोलवायचं तर तुझी संमती लागते, आणि सुरक्षिततेची आणि घराच्या दारापर्यंत सोडण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. मुलाखतीतच विचार, गाडी दारापर्यंत येते का, गाडीत सोबत कोण असतं. मी विचारलं होतं. कुणी वाईट मानलं नाही. झोप मात्र सांभाळ, रात्रपाळीनंतर दुपारी घरकामाला लागू नकोस. मी ते एक वर्ष केलं आणि तब्येत बिघडवून घेतली.

तरीही तुला त्या क्लासला जाऊन बघायचंच असेल, तर पैसे न देता जा आणि विचार. शिकवणारे सर स्वतः कुठे काम करून आलेत? आठवड्यातले किती तास मशिनवर? परीक्षेची फी यात धरली आहे का, आणि कुठल्या परीक्षेची? मागच्या बॅचच्या तीन मुलींचे नंबर द्याल का? नोकरीची हमी स्टॅम्पपेपरवर, नाही मिळाली तर इतके पैसे इतक्या दिवसांत परत, असं लिहून द्याल का? शेवटच्या प्रश्नावर त्यांचा चेहरा बघ. आणि "आज भरलेत तर वीस हजार सूट" असं म्हणाले, तर पाणी पिऊन सरळ घरी ये.

माझं म्हणणं असं, आजपासून चार महिने रोज तीन तास. पहिला महिना नेटवर्क आणि लिनक्स, मग सिक्युरिटी प्लसचा अभ्यास, सोबत घरची लॅब. या काळात सी-कॅटची तारीख आली तर तीही दे. सिक्युरिटी प्लसची फी मी भरते. उसने समज, पहिल्या पगारातून परत कर, नाही जमलं तर दुसऱ्या. परीक्षेला नाव नोंदवताना ते ओळखपत्रावर आहे तसंच लिही, अक्षर इकडचं तिकडे झालं तर केंद्रावरून परत पाठवतात.

मावशीला सांग, पाटल्या कपाटात ठेव. तू आज रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉप उघड आणि बँडिटच्या पहिल्या दोन पायऱ्या कर. त्या आडव्या रेघेपाशी अडलीस की मला फोन कर, मी अकरापर्यंत जागी आहे.